एक माणूस, एक प्लग

आमच्या घरात संकट आलं की मी मदतीला धावतो आणि मग संकटं दोन होतात. हे माझं मत नाही, आईचं आहे. बायकोचं त्याला अनुमोदन आहे, आणि आता बावन्नाव्या वर्षी मीही विरोध करणं सोडून दिलं आहे. नवतप्यातली, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतली, ती गोष्ट सांगितली की हा ठराव एकमताने कसा काय मंजूर झाला ते तुम्हालाही कळेल.

मी नकाशे काढतो. पाण्याच्या टाक्या, पाइपलाइनी, पंपघरं, असले नकाशे, कॉम्प्युटरवर, नागपूरच्या एका कंपनीसाठी. पूर्वी महिन्यातून पंधरा दिवस नागपूरला जावं लागायचं. कोरोनात सगळ्यांना घरी बसवलं तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की हा माणूस समोर नसला तरी कामात काही फरक पडत नाही. मी ते कौतुक समजलो. त्यांनी मला परत बोलावलंच नाही.

पण घरून काम करायचं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आई आहे त्यालाच विचारावं. इथे हिंदी मुलखात, शहराच्या महाराजपुर भागात, आमचं बैठं घर आहे. मी खोलीचं दार लावून बसलो की आई बाहेरून म्हणायची, "काहून रे, बरं नाही का?" दार उघडं ठेवून बसलो की म्हणायची, "रिकामाच आहेस तर गॅसवाल्याला फोन लाव." चार वर्षं अशी काढली आणि मग राइट टाउनमधल्या एका को-वर्किंगमध्ये मी एक टेबल भाड्याने घेतलं. खाली टाइल्सचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर हा काचेचा कारखाना. लांबलचक टेबलं, नारिंगी खुर्च्या, कोपऱ्यात चार बीनबॅग, फोनवर बोलायला आणि मीटिंगला काचेच्या दोन केबिनी, आणि मागे एक लहानशी पॅन्ट्री. बसणारी सगळी मंडळी पंचविशीतली. कानात हेडफोन. शेजारी बसलेल्याशी बोलत नाहीत, त्याला मेसेज पाठवतात. मला सगळे 'अंकल जी' म्हणायचे. बीनबॅगमध्ये पहिल्या दिवशी मी बसलो आणि मला दोघांनी उठवलं, तेव्हापासून जरा जास्तच आदराने म्हणू लागले.

बायको म्हणाली, "घरी टेबल असताना टेबलासाठी पैसे देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहून राहिले."

आता तिच्याबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरी तिचीच आहे. ती एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. अकरा वर्षांपूर्वी तिने पीएच.डी.ला नाव घातलं. विषय, कुंडमच्या जंगलातल्या खायच्या रानवनस्पती. अकरा वर्षांत मुलगी शाळेतून इंजिनियर होऊन बाहेर पडली, माझे वडील गेले, आईचे दोन्ही गुडघे बदलले, आणि बायको दर सुट्टीच्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून कुंडमला जात राहिली. या संशोधनात माझाही वाटा आहे. स्कूटर मी चालवली, आणि वर्तमानपत्रात दाबून ठेवलेल्या पानांपैकी एक पुडकं मी रद्दीत दिलं.

प्रबंध एकदाचा सादर झाला. राहिला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. विद्यापीठ बाहेरगावचं, तपासणारे सर आणखी दुसऱ्या गावचे, म्हणून ती ऑनलाइन होणार होती. दोनदा तारीख ठरली, दोनदा पुढे गेली. तिसरी मिळाली ती ऐन नवतप्यात. आणि तिच्या गाइड मॅडम त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होत्या. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "देखो, ये डेट गई तो नया गाइड, नई कमेटी, सब नए सिरे से. और सर उसके बाद बेटे के पास विदेश जा रहे हैं." बायकोने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "अहो, या वेळी नाही झालं तर मी सोडून देणार. आता माझ्यात जीव नाही." ती असं कधी बोलत नाही. मी म्हटलं, काळजी करू नको, मी आहे ना. तिच्या चेहऱ्यावर काळजी वाढलेली मला दिसली.

व्हायवाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी आंधी आली. आमच्याकडे उन्हाळ्यात आंधी येतेच, पण ही वेगळी होती. कॉलनीच्या तोंडावरचा जुना कडुनिंब विजेच्या तारांवर आडवा झाला, दोन खांब वाकले, आणि डीपीतून निळा जाळ निघून एक मोठा आवाज झाला. मग सगळीकडे अंधार आणि शांतता. दुसऱ्या दिवशी बिजलीवाले आले, वर बघितलं, चुकचुकले, आणि म्हणाले, "तीन दिन तो समझ के चलो, भैया. आधा शहर ऐसई पड़ा है."

पंचेचाळीसच्या वर पारा, आणि कूलर बंद. आमचा इन्व्हर्टर दुपारपर्यंत मान टाकून मोकळा झाला. टाकीचं पाणी चहा करता येईल इतकं तापलं. मोबाइलला कांडी एक, तीही येऊन-जाऊन, कारण टॉवरलाही लाइट लागते हे आम्हाला तेव्हा कळलं. बायको ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, पाठ भिंतीला लावून, प्रबंधाची पानं उलटत बसली होती. तिच्या कॉलेजला सुट्टी, तिथेही लाइट नाही. मावसभावाकडे लाइट होती, पण त्याच्याकडे त्याच कारणाने अठरा माणसं जमलेली.

मी म्हटलं, "माझ्या ऑफिसात जनरेटर आहे."

बायकोने पान उलटलं. मी पुन्हा म्हटलं, "इंटरनेट तारेचं आहे. केबिन आहे, तिचा आवाज बाहेर येत नाही. ए.सी. आहे."

बायकोने डोक्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं दोन-चारदाच पाहिलं असेल. आई म्हणाली, "अच्छा, म्हणजे ते भाड्याचं टेबल कामाला आलं म्हणायचं." मी इतका खूश झालो की पुढचं सगळं त्या खुशीतूनच घडलं.

तिथली व्यवस्था एक मुलगी पाहायची. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, बारीक, चष्मा, आवाज मात्र कंडक्टरचा. सगळे तिला दीदी म्हणत, मी पण. मी फोन करून केबिन मागितली तर म्हणाली, "अंकल जी, आंटी का व्हायवा है न? ग्यारह से एक आपकी. पर एक बात, यहाँ मेला लगा है."

खरंच मेळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पोचलो, आईला उन्हाच्या घरात एकटी ठेवणार कशी, तर तिथे मला माझं टेबल ओळखू येईना. दीदीने दार सगळ्यांना उघडं करून दिलं होतं, सभासद असो की नसो. एक आजोबा खुर्चीत बसून वाफेच्या मशीनने श्वास घेत होते, शेजारी त्यांची लेक हातात औषधांची पिशवी घेऊन. एक बाई बारावीच्या मुलाला घेऊन आलेल्या, त्याला कुठला तरी फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख. पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये कोल्ड कॉफीच्या बाटल्या काढून लोकांच्या इन्सुलिनच्या डब्या रचल्या होत्या, प्रत्येकीवर नाव चिकटवलेलं. आणि ते हेडफोनवाले, जे एरवी मान वर करत नाहीत, ते उठून म्हाताऱ्यांना खुर्च्या देत होते, मोबाइल चार्जिंगला लावून त्यांच्या खाली चिठ्ठ्या ठेवत होते. मला जरा लाजल्यासारखं झालं. आठ महिने त्यांच्यात बसून मी घरी सांगत आलो होतो की या पोरांना माणुसकी म्हणजे काय ते ठाऊक नाही.

पांढऱ्या फळ्यावर दीदीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'एक आदमी, एक प्लग.' त्याखाली: 'केतली, प्रेस, हीटर, इंडक्शन मना है. जनरेटर पे लोड है.' इमारतीचीही लाइन गेलेली होती. सगळा मजला खालच्या जनरेटरवर चालला होता, अगदी काठोकाठ.

आई आत आली, सगळीकडे पाहिलं, आणि मला कानात म्हणाली, "हे लोक काम करून राहिले की पेपर सोडवून राहिले? कोणी बोलत कसं नाही?" मग आजोबांच्या शेजारची खुर्ची पकडून तिने पदराने वारा घेतला आणि पाच मिनिटांत आजोबांच्या लेकीला आमचं सगळं सांगून टाकलं. "माझ्या सुनेची परीक्षा आहे. सबसे बड़ी वाली. इसके ऊपर कोई परीक्षाच नहीं." त्या बाईने ते पुढच्या टेबलावर सांगितलं. साडेदहापर्यंत सगळ्या मजल्याला कळलं की काचेच्या केबिनीत जी निळ्या साडीतली बाई बसली आहे ती डॉक्टर होणार आहे.

आता एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. माझ्या हातात एक पिशवी होती, आणि त्या पिशवीत आमचा जुना मिक्सर आणि स्टीलच्या डब्यात भिजवलेले गहू होते.

त्याचं असं. नवतपा म्हणजे आमच्या घरी कुरडयांचे दिवस. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शिजवून कडक उन्हात कुरडया घालायच्या. आईने गहू आंधीच्या आदल्या दिवशी भिजवले होते. तिसरा दिवस उलटून चालला होता. त्या उकाड्यात गव्हाला वास यायला लागला होता. पाटा-वरवंटा आम्ही घर बांधताना देऊन टाकला, तो कोणाच्या सल्ल्याने ते विचारू नका. सकाळी निघताना मीच म्हटलं, आई, दे इकडे, तिथे पॅन्ट्री आहे, वाटून टाकू. आईने बजावलं होतं, "तिची परीक्षा होऊ दे, मगच लावू. गहू काही पळून चालले नाहीत." हे तिचे शब्द. नंतर जे झालं त्यात तिचा दोष नव्हता, हे लिहून ठेवलेलं बरं, कारण ती अजूनही लोकांना सांगते.

अकरा वाजता स्क्रीनवर चेहरे आले. गाइड मॅडम, विभागप्रमुख, आणि मध्यभागी तपासणारे सर, पांढऱ्या मिशांचे, कपाळाला आठ्या. बायको बोलू लागली. आवाज येत नव्हता, पण मी काचेच्या बाहेर उभा राहून तिला धीर देत होतो. म्हणजे मान हलवत होतो, अंगठा दाखवत होतो, एकदा हसून दाखवलं. दहा मिनिटांनी तिने स्क्रीनवरच्या लोकांना दिसणार नाही अशा बेताने टेबलाखालून हात केला: जा. मी जरा बाजूला सरकलो. पुन्हा हात: जा. मोबाइलवर तिचा मेसेज आला. तिथे नेट चांगलं होतं, त्यामुळे लगेच आला. 'अहो, तुमचं तोंड दिसलं की मला लॅटिन नावं आठवत नाहीत. जा कुठंतरी.'

मी गेलो. आता अशा वेळी माणसाने काय करावं? बायको आत झुंजते आहे, आई आजोबांच्या लेकीशी बोलते आहे, तरुण मंडळी औषधं आणि मोबाइल सांभाळताहेत, आणि मी एकटा रिकामा. मला वाटलं, निदान गहू तरी वाटून ठेवावेत. सगळं आटोपून ती बाहेर येईल तेव्हा हेही काम झालेलं असेल. फळ्याकडे मी पाहिलं, नाही असं नाही. केतली होती, प्रेस म्हणजे इस्त्री होती, हीटर होता, मिक्सर नव्हता. आणि माझा लॅपटॉप तर बंद होता, म्हणजे एक माणूस एक प्लग या हिशोबाने माझा प्लग शिल्लकच होता. माझ्या डोक्यात कायदा हा असा चालतो.

पॅन्ट्रीचं दार लावलं. आवाज होऊ नये म्हणून मिक्सरखाली माझा गमछा चौपदरी घालून ठेवला. गहू भरले, जरा जास्तच भरले. बटण फिरवलं. मिक्सर घरघरला, गहू पात्यांत अडकले, मी बटण पुढच्या आकड्यावर नेलं, आणि खाली जनरेटरने ठसका लागल्यासारखा आवाज केला.

मग सगळं बंद.

ए.सी.चा आवाज बंद. दिवे बंद. आजोबांच्या मशीनची घरघर बंद. बाहेरून पस्तीस-चाळीस लोकांच्या तोंडून एकदम 'अरे!' आलं. मी दार उघडलं तर पहिली नजर केबिनीकडे गेली. बायकोचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण स्क्रीनवर सर तोंड उघडं ठेवून थिजले होते. ती अजून बोलतच होती. दोन-तीन वाक्यं तशीच बोलली असेल. मग थांबली.

"किसने क्या लगाया?" दीदीचा आवाज.

कोपरापर्यंत गव्हाचं पाणी लागलेले हात घेऊन मी उभा होतो. त्यामुळे चौकशीची गरज पडली नाही, तरी मी म्हटलं, "मैंने. मिक्सर."

"मिक्सर!" दीदीने डोळे मिटून घेतले. "अंकल जी, मिक्सर?"

"लिस्टमध्ये नव्हता," मी मराठीत म्हणालो, कारण हिंदीत म्हणायची हिंमत झाली नाही.

आई उठून आली होती. माझ्या हातांकडे पाहून म्हणाली, "मी म्हटलं होतं ना परीक्षा होऊ दे? काहून घाई केली? तुझं कुठं अडून राहिलं होतं?" बायको केबिनीच्या दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हातांकडे पाहिलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा तिने जेव्हा 'मी सोडून देणार' म्हटलं होतं तेव्हासारखा झाला होता.

तिचा मोबाइल वाजला. गाइड मॅडम. आवाज तुटत तुटत येत होता, पण तिने स्पीकर लावला आणि सगळ्यांनी ऐकलं. "बीस मिनट रुकेंगे सर. बीस मिनट. उसके बाद उनको निकलना है. फिर मैं कुछ नहीं कर पाऊँगी, बेटा."

दीदी खाली धावली. दोन मिनिटांत वर आली, धापा टाकत. जनरेटर ठीक होता, फक्त लोडमुळे त्याचा खटका पडला होता. तो वर करता येत होता, पण इतक्या लोडवर पुन्हा पडणार. ती मजल्याच्या मधोमध उभी राहिली. "सुनो सब लोग. सबसे पहले दादाजी की मशीन. उसके बाद वायफाय और आंटी का केबिन. बाकी सब निकालो. सब मतलब सब. ए.सी. भी."

एक तरुण होता, माझ्या टेबलासमोर बसायचा, लांब केसांचा. त्याच वेळी त्याचीही मीटिंग चालू होती, कुठल्यातरी परदेशातल्या साहेबाबरोबर, हे मला माहीत होतं, कारण सकाळीच त्याने मला तसं सांगून खुर्ची ओढू नका म्हणून बजावलं होतं. त्याने सगळ्यात आधी आपली वायर ओढून काढली. "निकालो यार," तो शेजाऱ्याला म्हणाला. "आंटी के ग्यारह साल हैं." म्हणजे आईने किती तपशिलात सांगितलं होतं ते बघा. मग एकेक प्लग निघू लागला. टेबलाखालून, खांबामागून, पायाने, हाताने. मी मिक्सरची वायर काढली, गुंडाळली, आणि उगाचच पुन्हा एकदा गुंडाळली. बारावीच्या मुलाची आई म्हणाली, "बेटा, तू भी निकाल," आणि तो म्हणाला, "मम्मी, मेरा तो कब का निकल गया."

दीदी पुन्हा खाली. आम्ही सगळे त्या भट्टीत उभे. काचेच्या खिडक्यांतून ऊन आत येत होतं, आणि पडद्यांची सोय कोणी केली नव्हती कारण ए.सी. असताना पडदे कशाला. आईने पंख्यासारखी एक फाइल घेतली आणि आजोबांना वारा घालू लागली. बायको केबिनीत जाऊन बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर. मी तिकडे जायला निघालो आणि आईने मला हाताला धरून बसवलं.

खाली धडधड सुरू झाली. आजोबांच्या मशीनचा दिवा लागला. मग वायफायच्या डब्यावर एक हिरवा ठिपका, मग दुसरा. दुसरा यायला जो वेळ लागला तेवढ्यात मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. मग केबिनीत स्क्रीन उजळला, आणि बायकोने मान पुढे करून नमस्कार केला.

आता मी खांबामागे उभा राहिलो, तिला तोंड दिसणार नाही असा. ऐकू काहीच येत नव्हतं. ती काहीतरी सांगत होती, मग तिने तोंडावर हात ठेवला, आणि स्क्रीनवरच्या सरांच्या मिशा हलल्या. ते हसत होते की खोकत होते कळेना. मग तिचे हात सुरू झाले. तिने वाटल्यासारखं केलं, फडक्यात पिळल्यासारखं केलं, भांडं तिरपं करून वरचं पाणी ओतून दिल्यासारखं केलं. ते पाहून आई म्हणाली, "अगं बाई, ही तर कुरडया करून राहिली."

पुढे तिने घरी सांगितलं ते असं. सरांनी विचारलं, मॅडम, क्या हुआ? तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा एक दोष आहे. तिने सांगून टाकलं की माझ्या यजमानांनी मिक्सरमध्ये कुरडईचे गहू लावले आणि सगळ्यांची लाइट घालवली. सरांनी कुरडई कधी पाहिली नव्हती. म्हणाले, गव्हाचं दूध काढून काय करता? तिने सांगितलं. मग ते म्हणाले, अच्छा, तर तुम्ही तीखुरवर जे प्रकरण लिहिलंय, त्यात काय वेगळं आहे? तीखुर म्हणजे कुंडमच्या जंगलात हळदीसारखं एक झाड असतं, त्याच्या कंदातून उपासाचं पांढरं पीठ काढतात. आणि तिने हातांनी दाखवलं: वाटायचं, गाळायचं, बसू द्यायचं, तिथवर सारखं, पण गव्हाला आंबूस होऊ द्यावं लागतं आणि कंदाचा कडूपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहावं लागतं, सहा-सात वेळा, आणि कधी थांबायचं ते तिथल्या बाया जिभेवर घेऊन ठरवतात. ती जीभ आपल्या प्रयोगशाळेत नाही, असं तिने म्हटलं. तेव्हा सरांनी चष्मा काढून खाली ठेवला.

यावर मी घरी म्हटलं की म्हणजे माझ्या मिक्सरमुळेच हा विषय निघाला. ती म्हणाली, "ते विचारणारच होते. प्रबंधात तीस पानं आहेत." मी या बाबतीत माझं मत राखून आहे.

पण हे सगळं नंतर. त्या वेळी मला एवढंच दिसलं की बाराच्या सुमाराला तिला बाहेर जायला सांगितलं, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रतीक्षेत ठेवलं. ती तशीच बसून राहिली. आमचा मजला घामाने थबथबला होता. लांब केसांच्या तरुणाने शर्टाची वरची बटणं उघडली होती, आणि त्याचा साहेब बहुधा समुद्रापलीकडे त्याची वाट पाहत होता. कोणी वायर लावली नाही. कोणी विचारलंही नाही.

मग चेहरे परत आले. तिने ऐकलं. ती उठून उभी राहिली, एकटीच, केबिनीत, आणि स्क्रीनसमोर वाकून दोनदा नमस्कार केला. पदराने डोळे पुसले. मग दार उघडून बाहेर आली, आणि तिच्यासमोर पस्तीस-चाळीस ओळखपाळख नसलेले लोक, घामाघूम, तिच्या तोंडाकडे पाहत उभे.

"झालं," ती म्हणाली. मग हिंदीत, "हो गया. बस फोटो ठीक करने हैं. हर पौधे के बाजू में इनकी चप्पल रखी है, नाप के लिए. सर बोले, चप्पल हटाइए."

जो काही गलका झाला तो खालच्या टाइल्सच्या दुकानात ऐकू गेला असावा, कारण तिथला माणूस वर पाहायला आला. बायको दीदीकडे वळली. तिचे दोन्ही हात हातात घेतले, आणि डॉक्टर झाल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हे: "बेटा, अब ए.सी. चला दो. सबको लगाने दो, जिसको जो लगाना है."

"मिक्सर छोड़ के," दीदी म्हणाली.

सगळे पुन्हा आपापल्या जागी गेले. प्लग लागले, दिवे लागले. लांब केसांच्या तरुणाने साहेबाला फोन लावला आणि 'सॉरी सर, लोकल इमर्जन्सी' असं म्हणाला, जे अगदी खरं होतं. आईने पॅन्ट्रीत जाऊन मिक्सरच्या भांड्यातले अर्धवट वाटलेले गहू परातीत काढले आणि आजोबांच्या लेकीला हाताशी घेऊन, हातानेच पिळायला सुरुवात केली. मला आत यायची बंदी होती.

बायको माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल. अकरा वर्षांचं, किंवा निदान वीस मिनिटांचं. ती म्हणाली, "अहो, मी जरा बसू का कुठं?" मी कोपऱ्यातली बीनबॅग दाखवली, आणि तिच्यात कसं बसायचं ते सांगणार एवढ्यात ती सहज, लहान मुलीसारखी तिच्यात जाऊन पडली. ए.सी. तिच्या अंगावर येत होता. निळी साडी, पायात चपला तशाच. पाच मिनिटांत झोपली. आंधीपासून ती झोपलेलीच नव्हती, आणि त्याआधी कधी नीट झोपली होती ते मला आठवेना.

मी तिच्या शेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसलो. लोक आजूबाजूने चालताना आवाज न करता चालत होते. एकदोघांनी स्वतःचं बोलणं केबिनीत नेलं. तिचा मोबाइल माझ्या हातात होता, आणि तो थरथरायला लागला: मुलगी, मग तिची नागपूरची बहीण, मग कॉलेजातल्या कोणी, मग पुन्हा बहीण. मी एकेक फोन कापत होतो आणि तेवढ्यात एक चुकून लागला. बहिणीचा आवाज त्या शांततेत कर्ण्यासारखा बाहेर आला. "काय झालं? सांग ना काय झालं?" बायको झोपेत हलली.

आई पॅन्ट्रीतून हात पुसत आली. माझ्या हातातून तिने फोन काढून घेतला, चार पावलं लांब गेली, आणि दवाखान्यातल्या बाईच्या थाटात, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डॉक्टरीणबाई झोपल्या आहेत. चारनंतर करा."